पायाखालचा दगड

वणी, शुक्रवार

तीर्थरूप आबा,

लांबूनच पाया पडते. मी खुशाल हाय. फोनवर आई शेजारीच असती, म्हणून कागदावर लिहायलेय. हे धाकट्या सोमनाथकडून वाचून घेऊ नका, हळूहळू तुमीच वाचा.

इथं आमी बोअर पाडून खालचा दगड तपासतो. दिसायला सगळा चुनखडकच. ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो. काही तुकडे मात्र जवळजवळ गप्प बसतात. तो डोलोमाइट. लाखो वर्षं मॅग्नेशियमचं पाणी चुनखडकात मुरलं, त्यातला चुना थोडाथोडा नेला आन त्याच्या जागी मॅग्नेशियम ठेवलं. असं बदलताना दगड आतून आकसतो, बारीक पोकळ्या राहतात. पुढं पाणीच त्या मोठ्या करतं. वरून काईच कळत न्हाई.

सोमवारी खाली तशीच पोकळी लागली, बोअरचा रॉड एकदम खाली सुटला, मशीन कलली. कुणाला लागलं न्हाई, काळजी करू नका. साहेब म्हणतात जमीन पक्की हाय. उद्या तिथंच शेजारी मशीन लावायचीय.

तुमी मेंढरं बसवायच्या आधी काठी आपटून जमीन बघता ना? मीबी आता तशीच चालायलेय. लोक हसायलेत.

काळ्या कोकराचा पाय बरा झाला का? आई गोळ्या घेती का?

सोमनाथला इथं बोअरच्या मशीनवर कामाला पाठवतो म्हणलात. त्याला पाठवू नका, आबा. आपल्या धारूरच्या डोंगरावर काठी आपटली की हाताला झिणझिण्या येतात, इतका भरीव दगड हाय. त्याला तिथंच राहू द्या.

तुमची,
स्वप्नाली