समुद्रातला नांगर

आबा, मी एक पुस्तक वाचलं. बठ्ठं वाचलं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय लिखेल शे त्यामां, वाच वं माय." गुळाच्या पुडीचा कागद असो नाहीतर खताच्या गोणीवरची अक्षरं, तुम्हाला सगळं वाचून दाखवावं लागायचं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण मी अडखळले की बरोबर कळायचं. लगेच म्हणायचात, "फिरीसन वाच."

पुस्तक नातीचं, देवपूरच्या तिच्या शाळेतून आणलेलं, पोरासोरांचं. जुन्या काळची गोष्ट. गलबतं, तोफा, फिरंगी. एका पोरीचा बाप गलबतावर असतो, फिरंगी त्याला धरून नेतात, आणि ही शिडाच्या कापडात लपून त्याला शोधायला निघते. माझ्या नातीएवढी पोर, आबा. मी बोट ठेवून ठेवून वाचते, एका पानाला अर्धी दुपार जाते, पण सोडवत नाही. वादळात डोलकाठी मोडली त्या पानाला माझ्या बट्ट्यांचा कोळसा झाला. सून म्हणाली, "आई, समुद्रात पडल्या होत्या का?" म्हटलं, पडलेच होते, आता वरण तेवढं बघ.

आणि एका ठिकाणी आलं, गलबताच्या तांडेलाने नांगर टाकला. मी थांबलेच. नातीला विचारलं, "ह्यांनी गलबतावर नांगर कशाला नेला गं? तिकडे काय कपाशी लावतात?" ती लोळून लोळून हसली. "आजी, तो लोखंडाचा मोठा आकडा असतो. पाण्यात टाकला की गलबत जागचं हलत नाही."

"मग सरळ आकडाच म्हणावं ना," मी म्हटलं. मीही हसले. तिने शेजारणीलासुद्धा जाऊन सांगितलं.

पण मला तुमचा नांगर दिसला, आबा. मी भाकर घेऊन बांधावरून येते आहे. बैल जुंपलेले तसेच उभे आहेत, नांगर अर्धवट ओढलेल्या तासात, मातीच्या चरात रुतलेला, आणि तुम्ही त्याच्या शेजारी ढेकळांत आडवे. मला वाटतं, निजलात. मी जवळ बसते, भाकरीखालचा कागद मांडीवर सरळ करते आणि तुम्हाला वाचून दाखवते. मुद्दाम अडखळते. तुम्ही "फिरीसन वाच" म्हणत नाही.

काकांनी संध्याकाळी बैल घरी आणले. नांगर तिथेच राहिला, पेरणीपर्यंत. घरात हात कमी पडायला लागले म्हणून मला शाळेतून काढलं, तिसरीचं पुस्तक अर्धंच राहिलं. पुढे लग्न होऊन जळगावला गेले, पोरं झाली, आता धुळ्याला लेकाकडे असते. सगळं चांगलं झालं. बायका म्हणतात, हिचं तोंड कायम हसरं. पण त्या तासाच्या कडेला कुणीतरी अजून भाकर घेऊन बसलेलं आहे, ते काही हलत नाही.

काल शेवटचं पान नातीला मोठ्याने वाचून दाखवलं. पोरीला बाप सापडतो, गलबताच्या तळाशी पडलेला. सगळे म्हणतात, गेला. ती हाक मारते आणि तो डोळे उघडतो. नात टाळ्या वाजवायला लागली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, रडते काय? भेटला ना तिला."

"आनंदाने गं," मी म्हटलं.

हा कागद कुठे पाठवणार? पिठाच्या डब्याखाली ठेवते. तुम्हालाच सांगते, आबा, आनंद नव्हता. गोष्टीतल्या त्या एवढ्याशा पोरीचा मला राग आला होता.