सेहेचाळीस करकोचे

२८ डिसेंबर
पुढच्या रविवारी तळ्यावर हिवाळी पक्षीगणना. दरवर्षीचे आम्ही तिघे: संदीप, रेश्मा, मी. यंदा धाकधूक जास्त. तळ्याला लागून माळावर सोलर प्लांट यायचाय. आमची हरकत तहसीलला दिलेली आहे, आणि तिच्यात जोर एवढाच की गेल्या हिवाळ्यात इथे ४६ करकोचे मोजले. बेरीज माझी होती.

४ जानेवारी
मम्मी चर्चमध्ये उपासनेला, मी तळ्यावर. पाणी निम्म्यावर. मी पूर्वेच्या काठाला, ते दोघे बांधापलीकडे. नेहमीसारखे दोन्हीकडचे आकडे चहाच्या वेळी मिळवले. माझे ११, त्यांचे ११.
रेश्मा म्हणाली, "बावीस. चला, आलेत तरी." मग मोबाईलमधला फोटो दाखवला. एकाचा पाय उडताना लोंबत होता. माझ्याही वहीत तोच पाय, ७.४०. तिचा फोटो ७.५२चा. माझाच थवा बांधावरून पलीकडे गेला होता.
म्हणजे अकराच.
घरी येऊन गेल्या वर्षीचे कागद काढले. इकडे २३, तिकडे २३. वेळेत दहा मिनिटांचा फरक. म्हणजे तेव्हाही तेवीसच.

५ जाने.
संदीपला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "कुणाला बोलू नकोस."
"आकडा खोटा आहे."
"खोटा नाही, चुकलेला."
"कालपर्यंत चुकलेला."
संध्याकाळी रेश्मा आली. म्हणे, "तू चौथीपर्यंत आत्याकडे घरीच शिकलीस, तिथंच घोळ झाला. शाळेत असतीस तर शेजारणीचं बघून लिहायची सवय लागली असती." हसलो दोघी. ती गेल्यावर मला रडू आलं.

७ जाने.
एकटीच तळ्यावर. करकोचे नाहीत. मेंढ्या घेऊन आलेले भिवाबाबा भेटले. विचारलं, गेल्या साली किती असतील?
"मोजतंय कोन बाई. माज्या लहानपनी आभाळ भरून यायचे. आता हरभऱ्यात चार दिसत्यात, त्यास्नी बी हाकलत्यात."
प्लांटचं सांगितलं. "व्हय, आखून गेलेत की." खरंच. माळावर चुन्याच्या रेघा, लाल झेंड्या.

९ जाने.
तहसीलचा निरोप. सोमवारी सुनावणी. गणनेचे मूळ कागद आणा, कंपनीने मागितलेत. गाव निम्मं ऊसतोडीला गेलेलं, आमच्या बाजूने येणार कोण.
संदीप म्हणाला, "गेल्या वर्षीचा एक कागद नवा लिहू. दोन्हीकडची वेळ एकच दाखवू, म्हणजे थवे दोन." रेश्मा चहात बिस्किट बुडवत राहिली. मी नाही म्हणाले.
"मग माळ गेला असं समज." रागावला नव्हता. त्याचंच जास्त लागलं.

११ जाने.
उपासनेला गेले, लक्ष नव्हतं. दुपारी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. गेल्या वर्षी २३, यंदा ११, चूक माझी. चारदा वाचलं. अकरा पक्ष्यांसाठी माळ कोण राखणार, हे मलाही कळतं. आणि पत्र नाही दिलं, माळ राहिला, तरी पुढच्या हिवाळ्यात पाच येतील. किंवा...
सही केली. पत्र फाइलीत सगळ्यात वर ठेवलं, मग तळाशी, मग परत वर.
संदीपचा फोन. उद्या साडेनऊला फाइल न्यायला गाडी घेऊन येतोय. "तू नको येऊस हवं तर. मी बघतो."
बघते म्हटलं. येते म्हटलं नाही.