बाबांचा कॅमेरा आणि माझी सही

११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. हिचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा ही जास्त. दुकान चालू आहे. सकाळपासून झेरॉक्स आणि लॅमिनेशन. बाबांच्या डार्करूममध्ये आता कागदांचे गठ्ठे असतात. तू भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली फोटो धुण्याच्या औषधांची मापं मात्र तशीच आहेत. रंगारी आला तेव्हा तेवढा तुकडा सोड म्हणून सांगितलं. तो म्हणाला, डाग वाटतो. म्हटलं, वाटू दे.

तुझ्या डोळ्यांचं लेकीने कळवलं. आधी उजवा गेला, मग डावा. तिने चार ओळींत लिहिलं होतं. त्यावर काय लिहावं हे मला सुचत नाही, म्हणून कॅमेऱ्याचं लिहितो.

त्याचं काय करायचं हे मी गेल्या पत्रात विचारलं होतं. ठेवू, वापरू की विकून टाकू? तुझं उत्तर लेकीच्याच अक्षरात आलं. "मामा, आई म्हणते, कॅमेरा तुमचा आहे, तुम्ही ठरवा." त्याखाली नुसती तारीख.

वापरून बघितला. एका रविवारी बारा फोटोंचा रोल आणला, हिला खिडकीपाशी बसवलं. "हसू का?" म्हणाली. म्हटलं, तुला वाटेल तसं. "मग नाही हसत." मी भिंग मागे-पुढे करत राहिलो, तोवर तिची मान अवघडली. बाराही फोटो धूसर आले. एकात मागचा पडदा तेवढा स्वच्छ आला, त्याच्या शिलाईचा टाका न् टाका दिसतो. रोल धुऊन देणारा म्हणाला, "कॅमेरा अगदी ठणठणीत आहे, काका." म्हणजे खोट कुठे होती ते कळलं. आपण दोघं एकाच घरात वाढलो. तू त्यात डोकं घातलंस, मी गल्ल्यावर बसलो.

आणि ठेवूनही बघितला. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं तो कपाटात होता, बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळलेला. कपडे काढताना मी त्या कप्प्याकडे बघायचं टाळायचो.

पोरी, हे तू आईला मोठ्याने वाचून दाखवत असशील. इथून पुढे मामाची लाज राखायला म्हणून काही गाळू नकोस.

ताई, बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी त्यांची शुद्ध चांगली होती. मी त्यांची उशी सारखी करत होतो. ते म्हणाले, "कॅमेरा तिचा आहे. तिला नेऊन दे. सांग, मी चुकलो." मी मान हलवली. त्यांना ते पुरलं, कारण त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

तू आलीस, दोन दिवस राहिलीस. कपाट तुझ्यापासून सहा पावलांवर होतं. जाताना चप्पल घालता घालता तू विचारलंस, "कॅमेरा तुला दिला ना त्यांनी?" मी म्हणालो, "हो." तू म्हणालीस, "बरं झालं," आणि दुसऱ्या पायातली चप्पल घातलीस.

त्या कॅमेऱ्याचा मला लोभ नव्हता. पण बाबा चुकले हे तुला सांगितलं की मीही चुकलो हे ओघानेच आलं असतं. गिरणीला आग लागली तेव्हा बाबा काविळीने अंथरुणाला खिळले होते. तू कॅमेरा घेऊन धावलीस, मी तुझ्यामागे. मी तेव्हा बावीस वर्षांचा. उलट्या पडलेल्या हातगाडीवर तू उभी राहिलीस आणि मी तुझे पाय धरून ठेवले. समोर कामगारांच्या बायका बसल्या होत्या, मांडीवर डबे घेऊन, आतून कोण बाहेर येतं याची वाट बघत. तू एकच फोटो काढलास. "दुसरा काढायला माझे हात धजले नाहीत," असं तू उतरल्यावर म्हणालीस.

वर्तमानपत्रात फोटोखाली बाबांचं नाव आलं. बक्षीसही त्यांनाच मिळालं. समारंभाला निघताना तू माझा दंड धरून म्हणालीस, "तू होतास ना तिथे? मग सांग." सगळे माझ्याकडे बघत होते. बाबाही. मी म्हणालो, "गर्दीत मला नीट दिसलं नाही."

त्या महिन्यात तू घर सोडलंस. तू फोटो काढणंही सोडलंस, हे मला फार उशिरा कळलं.

नऊ वर्षांपूर्वी तुला दिसत होतं, ताई. हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

आता राहिलं विकण्याचं. तुला वाटलं असेल, मी अजून विचारतोय. तर विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. गेल्या गुरुवारी एक गृहस्थ आले. जुने कॅमेरे जमवतात, काचेच्या कपाटांत मांडतात. सभ्य माणूस, बोलणं हळू. कॅमेरा हातात घेऊन त्यांनी भिंग उजेडाकडे धरून बघितलं. मग म्हणाले, "गिरणीच्या आगीचा फोटो यावरच काढलाय ना तुमच्या वडिलांनी? तेवढं लिहून द्याल?"

मी सांगितलं, ताई. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. "तो फोटो माझ्या बहिणीने काढलाय. मी तिथे होतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुठे छापून आलंय का तसं? तुमच्या बहिणीचं काही पत्र, काही कागद?"

"नाही. मी सांगतोय ना."

"तुमच्यावर विश्वास आहे हो. पण इतकी वर्षं तुम्हीसुद्धा बोलला नाहीत. आता लोक काय म्हणतील? वडील गेल्यावर सांगतोय." मग त्यांनी आधीच टाइप करून आणलेला कागद पुढे सरकवला. त्यावर बाबांचं नाव होतं.

मी सही केली.

का केली ते धड सांगता येत नाही. त्यांनी जोर केला नव्हता. कॅमेरा उचलून परत कपाटात ठेवता आला असता. पण मला तो घरातून जायला हवा होता, आणि तो कागदाशिवाय जात नव्हता, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. ते पायऱ्या उतरून गेल्यावर मी दारात उभा राहिलो. हाक मारायला वेळ होता. मारली नाही. ही आतून म्हणाली, "गेला एकदाचा?" मी म्हणालो, "गेला."

मागे तू मला सांग म्हणालीस तेव्हा मी दिसलं नाही म्हणालो. या वेळी सांगून झाल्यावर स्वतःच्या हाताने खोडून टाकलं. आता त्या कागदाच्या पुढे माझ्या शब्दाला कोणी विचारणार नाही, आणि तू हातगाडीवर उभी होतीस हे सांगणारा दुसरा माणूस आता नाही.

माफी मागत नाही. मागितली तर द्यायची की नाही हे ठरवण्याचं काम पुन्हा तुझ्याच गळ्यात पडेल.

पोरी, हे पत्र आईला शेवटपर्यंत वाचून दाखवलंस तर मला एक ओळ टाक. "वाचलं," एवढंच. मधेच थांबलीस तर काही लिहू नकोस. पोस्टमन रिकाम्या हाताने गेला की मी समजेन, आणि तुला बोल लावणार नाही.

तुझे पाय धरून उभा असलेला, आणि तरीही काही न दिसलेला,
तुझा भाऊ