साडेतीनचा ट्रंक कॉल

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे असं लिहितेस, पण जिना चढवत नाही हेही त्याच पत्रात लिहितेस. दोन्हींतलं खरं काय ते एकदा ठरव.

आता एक गंमत ऐक. तू बारा वर्षं जिथं कानाला हेडफोन लावून बसायचीस, ते जुनं टेलिफोन एक्स्चेंज कुणीतरी विकत घेतलंय. तिथं कचेऱ्या होणार आहेत. पण वरच्या लांब हॉलमध्ये दुपारी बायका बोलल्याचा आवाज येतो म्हणून गवंड्यांनी थाप्या खाली ठेवल्यात. तीननंतर एकही जण वर जायला तयार नाही. हा आवाज कशाचा, ते मालकाला लेखी हवंय. सभागृहांत आवाज किती घुमतो ते मोजून पोट भरणारा इथं मी एकटाच, त्यामुळे हे भूत माझ्या गळ्यात पडलं.

मोठ्या गवंड्याचं म्हणणं असं, की जुना चुना आवाज पितो आणि ऊन लागलं की ओकतो. असं मानणारे शिकलेले लोकही आहेत, पुरावा मात्र कुणी दिलेला नाही. काल मी तासभर बसलो. पुष्कळ बायका हळू आवाजात एकदम बोलत असाव्यात तसं ऐकू आलं खरं, पण शब्द एकही लागेना. माझा संशय जुन्या तारांवर, नाहीतर पाण्याच्या नळावर आहे. त्या जागेची माहिती तुझ्याइतकी कुणाला नाही, तेव्हा सविस्तर लिही.

लोभ नेहमीसारखाच असू दे, रागावण्यासकट.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी घरात फोन ठेवत नाही म्हणून तू मला नावं ठेवतोस, पण त्यापायी तुझं अक्षर सुधारलं हे कबूल कर.

आम्ही चोवीस जणी एका ओळीत पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून बसायचो. माझी जागा खिडकीपासून तिसरी. समोरच्या बोर्डावर भोकांच्या रांगा, हातात वायरी. एका भोकात वायर खुपसायची, दुसऱ्यात दुसरी, की दोन गावं बोलायला लागायची. गलका होऊ नये म्हणून भिंतीला जाड लोकरीचा नमदा मारलेला होता. मागून देखरेखीच्या बाई रबरी चपला घालून फिरायच्या. त्या आल्याचं त्यांच्या पावडरच्या वासावरूनच कळायचं. त्या भिंतीनं आमची बडबड साठवली असेल तर तिची कीव करायला हवी. नंबर सांगा, थांबा, बोला, वेळ संपली, एवढंच दिवसभर.

एक विचारते. आवाज नेमका किती वाजता येतो? आणि पुढेमागे शब्द लागलेच, तर आधी मला कळव, दुसऱ्या कुणाला ऐकवू नकोस. खरं सांगू का, हे काम सोडूनच दे. तुला कामांचा तोटा नाही.

प्रकृतीला जप, आणि थोरलीचं कधीतरी ऐकत जा.

तुझी,
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साडेतीनला येतो. फार तर तीन मिनिटं मागेपुढे.

काम सोडलं नाही. इमारतीची वीज तोडायला लावली, पाणी बंद केलं, खिडक्यांच्या फटी लांबी भरून बुजवल्या, एक रेकॉर्डर खाली रस्त्यावर ठेवला. रस्त्यावर काही नाही, हॉलमध्ये आहे. मग भिंतीला चिकटवायचे माइक लावले. आवाज भिंतीतूनच येतो, ताई. बोलणाऱ्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा तशी ती थरथरते. पश्चिमेचं ऊन साडेतीनला तिथं पोचतं म्हणून मला जरा हायसं वाटलं होतं. परवा दिवसभर आभाळ होतं. तरी आला.

माइक खिडकीपासून तिसऱ्या जागी सरकवला, तेव्हा त्या गलक्यातून एक आवाज वेगळा निघाला. तुझा. तू तिकडे स्वयंपाकघरात बसून हे वाचते आहेस आणि इकडे भिंतीत विशी-बाविशीतली आहेस.

त्या नंबरवर कोणी उचलत नाही, नंतर प्रयत्न करा, इतकंच तू म्हणतेस. मग वायर उपसल्याचा खट्ट आवाज. आठ दिवस रोज तेच. तू तिथं लाखो वाक्यं बोलली असशील. मग हेच का?

आशीर्वाद असू दे. या वेळी गंमत म्हणून मागत नाही.

तुझा,
धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

तुझ्या दहाव्या वाढदिवसाला अण्णा पुलाच्या कामावर होते. साडेतीनला खालच्या औषधाच्या दुकानात फोन करतो असं त्यांनी तुला कबूल केलं होतं, आणि तू तिथं स्टुलावर दुकान बंद होईपर्यंत बसून राहिलास. संध्याकाळी परांची कोसळून ते गेले. वडील आपल्याला विसरून गेले असं तू आजवर मानत आलास, आणि मी तुला मानू दिलं.

त्यांचा कॉल आला होता. माझ्याच बोर्डावर. मला न विचारता माझं लग्न ठरवल्याचं त्यांचं पत्र मला त्या सकाळी मिळालं होतं. त्यांचा आवाज ओळखला आणि माझं डोकं फिरलं. कोणी उचलत नाही असं सांगितलं नि ते पुढे काही बोलायच्या आत वायर उपसली. पाव तासानं परत लावतील तेव्हा जोडून देऊ, असं मनात होतं. त्यांनी पुन्हा लावलाच नाही.

छत्तीस वर्षांत हे मी तुझ्या भाऊजींनाही सांगितलेलं नाही. भिंतीनं सांगितलं.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडानं म्हणू? तुला ठेववला तर ठेव.

ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर मुद्दामच दिलं नाही. अण्णांवरचा इतक्या वर्षांचा राग उचलून तुझ्यावर ठेवायला गेलो, पण तिथं तो बसेना. तू बावीस वर्षांची होतीस. आज माझी मुलगी तेवढी आहे.

मी अहवालात कारण सापडत नाही असं लिहून दिलं. मालकानं पश्चिमेची भिंत खालपर्यंत उतरवून घेतली. विटा, चुना, सगळं गाड्यांत भरून गेलं. हॉल पुरता शांत झालाय याची खात्री करायला मी सोमवारी एकटाच वर गेलो. साडेतीन वाजले. बायकांचा गलका नाही, तुझा आवाज नाही. नुसती मोकळी हवा आणि समोर रस्ता.

आणि त्या हवेत एक पुरुष बोलला. असू दे पोरी, म्हणाला; तूच सांग त्याला, मी लाइनवर थांबलोय.

तो आवाज त्या खोलीत कधी उमटलाच नव्हता. तू वायर उपसलीस, म्हणजे तुझ्याही कानात पोचला नाही. मग तो कुठं साठला होता, मला सांगता येत नाही. पण अण्णांनी तुला ओळखलं होतं, ताई. तरी रागावले नाहीत.

मंगळवारी मी त्यांना हाक मारून पाहिली. थोडा वेळ श्वास ऐकू आला, मग पुन्हा तेच. ते माझ्याशी बोलत नाहीत. काल आणि आजही तेच. तू ये.

वाट पाहतो.

तुझा,
धाकटा

२३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

येत्या सोमवारी दुपारच्या गाडीनं येते. गाडी एकला लागते. उतरवून घ्यायला तू ये, घरी चहाबिहा काही नको. थेट तिकडेच जाऊ. जिना चढेन मी, न चढून सांगते कुणाला? वर गेल्यावर मला तिथं एकटीला उभं राहू दे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

बाकी भेटीअंती. साडेतीनच्या आत मात्र पोचव. त्यांना आणखी ताटकळत ठेवायचं नाही.

तुझी,
ताई