कासवांना माझी गरज आहे

२ डिसेंबर
जूनमध्ये रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदा कुणाला तरी माझी गरज आहे असं दिसलं. समुद्री कासवांना. कोकणात एका किनाऱ्यावर ती अंडी घालतात, कुत्रे-कोल्हे उकरून खातात, म्हणून पुण्यातला एक ग्रुप व्हॉलंटिअर पाठवतो. अख्खा सीझन तिथेच राहायचं. नाव दिलं. सौ. शर्मिला म्हणाली, अहो, तुमच्या डोळ्यांदेखत दूध उतू जातं. दुर्लक्ष केलं.

५ डिसेंबर
उजाडायच्या आत किनारा चालावा लागतो म्हणे. उद्यापासून साडेचारला उठणार. दोन गजर लावले.

६ डिसेंबर, सकाळी नऊ
गजर वाजले असावेत. शर्मिलाची झोप मोडली, म्हणून ती एकटीच आळंदी रोडला चालून आली. उद्या नक्की.

११ डिसेंबर
ती रोज जाते. जाऊ दे. उठणं कुणालाही जमतं, खरं कौशल्य हातात लागतं. अंडी दुसऱ्या खड्ड्यात हलवताना जराही फिरवायची नाहीत, नाहीतर आतलं पिल्लू मरतं. शेजारच्या बांधकामाच्या वाळूत टेबल टेनिसचे बॉल पुरून सराव सुरू केला. चेअरमन श्रीधररावांनी वरून विचारलं, काही सापडतंय का? आणखी दोन बॉल पुरले.

१२ डिसेंबर
सोसायटीच्या कुत्र्याने सगळे बॉल पळवले. मी शेजारीच खुर्चीत होतो. डुलकी नव्हती, निरीक्षण चालू होतं.

१८ डिसेंबर
ग्रुपची चैताली (वय आमच्या मुलीएवढं, सूर हेडमास्तरांचा) रविवारी पहाटे टेकडीवर चाचणी घेणार. गाडी चालवायला शर्मिलाला नेईन. अंधारात मला कमी दिसतं. हे चैतालीला सांगायची गरज नाही.

निवड व्हायलाच हवी. नाहीतर पुन्हा तीच गॅलरी, तोच पेपर दोनदा वाचायचा. नको वाटतं. खरंच नको वाटतं.

२१ डिसेंबर
चढताना दम लागला. दगडावर बसून इतरांना मार्गदर्शन केलं. गाडीत बसून काय करू, म्हणून शर्मिला त्यांच्याबरोबर वर गेली. चाचणी उत्तम झाली.

२२ डिसेंबर
निवड झाली. शर्मिलाची.
तिने नावसुद्धा दिलं नव्हतं! चैतालीला म्हटलं, काहीतरी गडबड आहे. ती म्हणाली, नाही काका, काकूच. जेवताना शर्मिलाने विचारलं, जाऊ का? इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं आठवत नाही. जा म्हणालो. ती नको म्हणेल असं वाटलं होतं.

५ जानेवारी
ती गेली. पुण्याची बाजू मी सांभाळणार, असं ठरलं. मी ठरवलं. कुकर जळला.

१४ जानेवारी, पहाट
संक्रांत. झोपच लागेना, म्हणून फोन लावला. परत ये, मला एकट्याला जमत नाही, एवढंच सांगायचं होतं. ती कुजबुजली, अहो, कासव आलंय, फोनच्या उजेडाने घाबरून परत जाईल, ठेवते.
बरोबरच आहे. नियम म्हणजे नियम.

संध्याकाळी
कासवांना त्रास नको, म्हणून दिवसभर फोन केला नाही. तिचाही आला नाही.