छताचा नमुना

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे! घाटकोपरमधलं जुनं बैठं घर, पुढे अंगण आणि सहा वर्षांच्या गंधालीला स्वतःची खोली. मुकुल नवरोबा तर भलतेच खूश. फक्त तिच्या खोलीच्या छताला जुने राखाडी बोर्ड आहेत. ॲस्बेस्टॉस असेल तर धूळ लेकीच्या छातीत जायची. कळेपर्यंत तिला हॉलमध्येच झोपवणार.

६ फेब्रुवारी
अंबादास सुतार आले. ठोकून म्हणाले, सिमेंटचा पत्रा. सुई टोचली, तर उसाच्या चिपाडाचा बोर्ड. पाण्याचा थेंब लावून पाहिला आणि म्हणाले, ताई, असला माल मी बघितलाच नाही. एक ना धड भाराभर चिंध्या! शेवटी मीच ओलं फडकं धरून कोपरा कापला आणि साकीनाक्याच्या प्रयोगशाळेत देऊन आले.

९ फेब्रुवारी
ॲस्बेस्टॉस नाही. चुन्यासारखं काहीतरी आणि केस. ‘काहीतरी’ म्हणजे काय, विचारलं, तर म्हणे नमुना कमी पडला, मोठा आणा. याचे पैसे घेतात! घरी येऊन बघते, तर कापलेला कोपरा बुजलेला. मुकुल म्हणतो, मी हात लावला नाही. अंबादासही तेच म्हणतात. मग काय, छताला पालवी फुटली?

१० फेब्रुवारी
त्याच बुजलेल्या कोपऱ्यातून वीतभर तुकडा कापून देऊन आले. संध्याकाळी गंधालीची वेणी घालायला घेतली, तर केस निम्मेच. कात्री घेतली असणार. खूप ओरडले. रडत म्हणाली, मी नाही कापले.

१२ फेब्रुवारी
भोक पुन्हा बुजलंय. नव्या भागाला माक्याच्या तेलाचा वास, मी तिला लावते तोच. गंधालीला ताप. डाव्या पायावर उभी राहत नाही. डोक्यावर टक्कल — मुकुल म्हणतो, तुझं बोर्डपुराण आता बास.

१३ फेब्रुवारी, साकीनाका, रिक्षात
चुना नाही. हाडाचा चुरा. लहान मुलाचा. ताजा.
मी कापते तेवढं छत तिच्यातून भरून घेतं. मीच कापलं. दोनदा —
मुकुलचा मेसेज. तुझी कटकट कायमची संपवतो, अंबादासना बोलावलंय, अख्खं छत उतरवतोय.
फोन उचलत नाही. रिक्षा हलत नाही. लिहिते, नाहीतर ओरडेन —
पुन्हा मेसेज. सगळं उतरलं. एवढी ठोकाठोक झाली, तरी गंधाली हूं की चूं नाही, अगदी गप्प पडून —