टोळाचा डिफरन्शियल

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी ‘हॅलो’ संपायच्या आत भांडायला लागतो, म्हणून हे पत्र. पत्रात निदान तुला मध्येच तोडता येत नाही.

टोळ माझ्याकडे मजेत आहे. गाडी दोघींनी मिळून घेतलेली, आळीपाळीने वापरायची, म्हणून तिच्या पोटातला एक बदल तुझ्या कानावर घालते. ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला की आतल्या बाजूचं मागचं चाक जागच्या जागी गरगरत बसतं आणि बाहेरचं चाक नुसतं बघत राहतं. टोळ हलका, त्यामुळे हे फारच होतं. उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. तो दोन चाकांना आपापल्या मर्जीने फार वेगळं फिरू देत नाही. त्याच्या दोन जाती आहेत. गिअरवाला गुळगुळीत, बिनआवाजाचा, निवृत्त लोकांसाठी. प्लेटवाला मात्र करकचून धरतो, पाय दिला तरी आणि काढला तरी. आमच्या रेसिंग क्लबातले मास्तर म्हणतात, प्लेटवाल्याला पर्याय नाही.

तू भूल दिलेला पेशंट शेजारी बसवल्यासारखी गाडी चालवतेस, तेव्हा तुला फरक कळणार नाही. तरी मत कळव. मिस्त्रींनी काम सुरू केलंय.

भावोजींना नमस्कार, भाचीला पापा. लोभ आहेच, तो या पत्राने कमी होऊ नये.

तुझी,
ठकू

११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आशीर्वाद.

तू मत विचारतेस की बातमी देतेस, ते पहिल्या ओळीतच लिहीत जा. माझी शाई वाचेल.

मीही थोडं वाचलं. भूलतज्ज्ञ बाईला वाचता येतं. तुझा ट्रॅक कोरडा आणि सपाट. माझ्याकडे उतार, ओला रस्ता आणि कात्रीसारखी वळणं. पाय काढल्यावरही प्लेटवाला चाकं धरून ठेवतो, म्हणजे वळायच्या वेळी गाडीचं नाक सरळच जायला बघतं. शिवाय पार्किंगमध्ये सावकाश वळवताना तो खडखडतो. गिअरवाल्याचं एक चाक पूर्ण उचललं गेलं तर त्याची मात्रा चालत नाही, एवढाच दोष. मी चाकं उचलत नाही. बाळंतपण झालेल्या बाईला घरी सोडते, रुग्णालयात जाते, लेकीला शाळेत पोचवते. गिअरवाला बसव.

तुझे मास्तर माझ्या घाटात एकदा पावसात येऊन जाऊ देत, मग त्यांच्याशी पर्यायांवर बोलू.

अंगावर काही घालून बाहेर पडत जा. माया आहे, ती गृहीत धरू नकोस.

ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टोळ पाठवला आहे. प्लेटवालाच बसवला. पत्र आलं तेव्हा मिस्त्रींनी झाकण लावून तेलसुद्धा भरलं होतं. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, ताईंचं अगदी बरोबर आहे. त्याआधी माझंही अगदी बरोबर होतं.

हळू वळवताना मागून कटकट आवाज येईल. घाबरू नकोस, तो प्लेटांचा. ध्वनिमुद्रणात आयुष्य घालवलेल्या माझ्या कानांना तो आवाज तबल्यासारखा लागतो. तुला सवय होईल. नवऱ्याची झालीच की.

स्पर्धा एप्रिलच्या शेवटी आहे, तेव्हा आधी परत पाठव. ममता असू दे, थोडी टोळावरही.

ठकू

२३ मार्च

ठकूस,
आशीर्वाद.

टोळ धडकल्याचं ह्यांनी तुला कळवलं, त्यावर परवाचा तुझा एका ओळीचा निरोप मिळाला. त्यात लिहिलं होतं, “बंपर वाचला का?”

वाचला नाही. दंतवैद्यांच्या कुंपणात गेला. पाऊस पडून गेला होता, त्यांच्या घराजवळच्या उताराच्या वळणावर मी पाय काढला, स्टिअरिंग वळवलं, आणि टोळ तुझ्या मास्तरांसारखा सरळ चालता झाला. वेग इतका कमी होता की कुंपणावर बसलेलं मांजर उठलं नाही. शेजारी लेक होती. तिची हनुवटी फुटली, टाके पडले. दंतवैद्यांनीच धावत येऊन रक्त थांबवलं, आणि कुंपणाबद्दल चकार शब्द काढला नाही. हे मी सांगितल्याशिवाय तुला कळलं नसतं, कारण तू विचारलं नाहीस.

लेक आता त्या गाडीत बसायला नको म्हणते. मीही आग्रह करत नाही.

ताई

२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाचीचं वाचून वाईट वाटलं. तिच्यासाठी रंग पाठवले आहेत. पण खरं सांगायचं तर ऐन वळणात पाय काढायचा नसतो, हे मी तुला पहिल्यापासून सांगत आले आहे. दोष प्लेटांना देऊ नकोस. बंपर तिकडेच बदलून घे, आणि डिफरन्शियलला कुणालाही हात लावू देऊ नकोस, आता कुठे त्या प्लेटा बसायला लागल्या असतील.

राग धरू नये, धरला तर लवकर सोडावा.

ठकू

३० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसरी आले. माझ्या पुढे फक्त मास्तर. टोळ असा कधीच पळाला नव्हता. वळणातून निघताना दोन्ही चाकं एकदिलाने ढकलत होती, आणि वळणात शिरताना नाक लोण्यासारखं आत. प्लेटा बसायला वेळ लागतो म्हणतात ते किती खरं. आता तर कटकटही नाही. पार्किंगमध्ये मी मुद्दाम काच खाली करून ऐकलं, चिडीचूप. मास्तर शेजारी बसून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, प्लेटवाल्याची पकड कमरेला कळते. माझ्या शब्दावर क्लबातल्या तिघांनी प्लेटवाला मागवलाय. आता तरी मान्य कर. उशिरा केलंस तरी मी मोठ्या मनाने घेईन.

ठकू

६ मे

चि. ठकूस,
अ. उ. आशीर्वाद.

अभिनंदन. दुसरी आलीस, आनंद झाला. अगदी मनापासून.

तू ज्याच्यावर दोन पानं लिहिलीस तो प्लेटवाला इथे माझ्या अडगळीत, जुन्या टेबलफॅनशेजारी पडून आहे. बंपर बदलताना इथल्या गॅरेजात मी गिअरवाला बसवून घेतला. कटकट नाही, कारण कटकट करणारं काही आत नाही. तू कानांवर पोट भरतेस ना? आणि मास्तरांच्या कमरेला माझा नमस्कार सांग.

माया कायम आहे. या पत्रानंतर तुझी राहिली तर कळव.

ताई

१४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रेकॉर्डिंग बंद ठेवलं आणि बाहेर पायऱ्यांवर बसून राहिले. आधी तुझा राग आला. तूही विचारलं नाहीस, कळवलंही नाहीस, आणि महिनाभर गप्प बसून मला स्वतःची फजिती लिहू दिलीस. मग रागाला पुढे काही सुचेना.

रविवारी क्लबात सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. जाहिरात मीच केली होती, निस्तरायलाही मीच हवी. हसले. हसू दिलं. तिघांपैकी दोघांनी ऑर्डर फिरवली. मास्तरांना मात्र पटलेलं नाही. त्यांच्या मते तुझ्या गॅरेजवाल्याने तुला फसवलं आणि आत अजून प्लेटाच आहेत. आता ते नव्या पोरांना शेजारी बसवून कमरेने डिफरन्शियल ओळखायला शिकवतात. शिकवणीला गर्दी आहे.

भाचीला मी फोन केला होता, तुला न सांगता. बंपरचं आधी का विचारलंस, असं तिने सरळ विचारलं. तिला किती लागलं हे विचारायची भीती वाटली होती, हे लहान मुलीला कसं सांगायचं, म्हणून ‘चुकलंच’ एवढंच म्हणाले. ती म्हणाली, बरं.

शुक्रवारी टोळ घेऊन येते. तुझ्या वळणावरून सावकाश येईन. गाडीत जागा दोनच, तेव्हा तुम्ही दोघी फेरी मारून या, मी दंतवैद्यांकडे कुंपणाला तारा बांधायला जाते. ती नको म्हणाली तर तिच्या मागे लागू नकोस. मग आपण तिघी चालतच जाऊ.

लोभ तुटू देऊ नये. वाढवायचा की नाही, ते तू आणि ती मिळून ठरवा.

तुझी,
ठकू